उद्या आली नाहीस तरी चालेल

शिकवायला कुणी शिकवलं असं विचारलं, तर बी.एड. कॉलेजच्या सरांचं नाव घ्यायची पद्धत आहे. मीही घेते, माझ्या पाठांच्या फाइलीत पहिल्याच पानावर त्यांचे आभार आहेत. पण मला खरं शिकवलं ते नववी 'ब'मधल्या एका मुलीनं. चौदा वर्षांची असेल. बनारसला दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत राहायची, वडील पूजापाठ करणारे, घरात मराठी. तिचं नाव इथं लिहीत नाही. तिला न विचारता तिच्या बाबतीत माझं एकदा बरंच काही करून झालंय, आता आणखी नको.

मी परभणीकडची. आठवीनंतर शाळा सुटली. गावात शाळा तेवढीच होती, पुढची दुसऱ्या गावात, आणि घरच्यांनी "बघू पुढच्या वर्षी" म्हणत म्हणत माझं लग्न करून दिलं. नवऱ्याची रेल्वेतली नोकरी बनारसला, म्हणून मी इथं. त्यांनीच पुस्तकं आणून दिली, मागे लागून फॉर्म भरायला लावले. दहावी घरी बसून केली, बारावी घरी बसून, बी.ए.लासुद्धा कॉलेजात गेले ती परीक्षेपुरतीच. त्यामुळे झालं असं, की नववीच्या वर्गात मी आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवला तो शिकवायला.

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला चार महिने एखाद्या शाळेत शिकवायला पाठवतात. मला मुलींचं एक इंटर कॉलेज, म्हणजे बारावीपर्यंतची शाळा, मिळालं, विषय इंग्रजी. रोज सकाळी ऑटोत बसलं की वाटायचं, आज कुणीतरी ओळखणार की ही बाई कधी नववीच्या वर्गात बसलेलीच नाही.

पहिल्या तासाला मी म्हटलं, "मेरेको सब अपना नाम बताओ." सगळा वर्ग खदाखदा हसला. मला कळेना काय झालं. पुढे आठवडाभर मी व्हरांड्यातून जाताना मागून कुणीतरी बारीक आवाजात "मेरेको, मेरेको" म्हणायचं आणि मागे वळून बघितलं की सगळ्या जणी अगदी सभ्य.

चौथ्या की पाचव्या दिवशी तास संपल्यावर ही मुलगी डस्टर परत करायला म्हणून माझ्या मागे जिन्यापर्यंत आली.

"तुम्ही मराठी आहात ना?"

मी थबकलेच. बनारसला माझ्याशी मराठी बोलणारं घराबाहेर कुणी नव्हतं.

"मेरेको ऐकून लगेच समजलं मला, इकडे मुझे म्हणतात. आमची मावशी पुण्याहून येते ना, ती पण असंच बोलते. आम्ही तिची खूप मजाक उडवतो." मग जरा थांबून, "एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग की."

"हजेरी घेताना मान वर ठेवत जा. तुम्ही रजिस्टरमध्ये बघता तेवढ्यात ह्या एकमेकींची हजेरी लावतात. आज दोघीजणी आल्याच नव्हत्या, तुम्ही दोघींना हजर लावलंत."

मी रजिस्टर उघडून बघितलं, खरंच दोघी हजर. ती मात्र हसत होती. "टेन्शन नका घेऊ. सगळ्या नव्या मैमना फसवतात. मागच्या वर्षीच्या तर रडल्या होत्या."

तिथून आमचं सुरू झालं. वर्गात ती मला मैम म्हणायची आणि जिन्यात ताई. तिचं मराठी अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. माझं हिंदीही तसंच, त्यामुळे दोघींचं छान जमायचं. रोज काहीतरी सांगायची. फळ्याकडे तोंड करून बोलता, मागच्यांना काही ऐकू येत नाही. ती दारापाशी बसते ना, तिला ओरडू नका, तिला एका कानाने कमी ऐकू येतं. एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही प्रश्न विचारता आणि लगेच स्वतःच उत्तर देता. आम्हाला टाइम तर द्या." मी म्हटलं, कुणी बोलत नाही म्हणून मला भीती वाटते गं. "मग वाटू द्या. मनात दहापर्यंत मोजा. कुणीतरी बोलतंच."

दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारून मी मनात मोजायला लागले. सातला मागच्या बाकावरचा एक हात वर आला. ज्या मुलीचा आवाज मी महिनाभर ऐकला नव्हता, ती बोलली. चुकीचं बोलली, पण इंग्रजीत बोलली. मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला तीन वेळा तेच सांगितलं.

तिला मी सांगून टाकलं की मी नववीत कधी नव्हतेच. का सांगितलं कोण जाणे. तिनं विचारलं होतं, "तुम्ही नववीत असताना कशा होतात?" आणि मला खोटं बोलता आलं नाही. तिनं ते वर्गात कुणालाही कळू दिलं नाही. फक्त विचारलं, "म्हणजे शाळेत न जाता पण होतं?"

"होतं. पण एकटं वाटतं फार. काही अडलं तर विचारायला कुणी नसतं. तू असं करू नकोस."

तेव्हा तिनं घरचं सांगितलं. मोठ्या बहिणीचं आदल्या वर्षी लग्न झालं होतं. महाराष्ट्रातून यात्रेला येणारी माणसं त्यांच्याकडे उतरायची, श्राद्धं, पिंडदान, अभिषेक सगळं वडील करवायचे, आणि दहा-पंधरा पानांचा स्वयंपाक घरात. आईची कंबर गेलेली. वडील म्हणत होते, मुलीनं नववीतच घरी बसावं, पुढचं जमेल तसं. "हाफ-इयरलीपर्यंत बघू म्हणालेत. मी बाबांना सांगितलं, आमच्याकडे मराठी मैम आल्यात, त्या म्हणतात मी चांगली आहे. तुम्ही म्हणता ना तसं?"

"म्हणते ना. रोज म्हणेन."

सहामाहीचा निकाल लागला. इंग्रजीत ती वर्गात पहिली. दुसऱ्या दिवशी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आली आणि म्हणाली, "बाबा म्हणाले, ठीक आहे, दहावीपर्यंत जा." मला इतका आनंद झाला की मी तिचे दोन्ही हात धरले. हे सगळं माझ्यामुळे झालं असं मला वाटलं. वाटू दिलं मी ते मला.

मग माझा शेवटचा पाठ आला. बाहेरचे परीक्षक येतात, मागच्या बाकावर बसतात आणि तासभर तुमच्याकडे बघत लिहितात. बी.एड. त्याच्यावर. आमच्या पाठाची एक ठरलेली रीत असते. सुरुवातीला विषयाकडे नेणारे तीन-चार प्रश्न विचारायचे. आधीच्यांची उत्तरं मुलींना यायला हवीत. शेवटच्याचं येता कामा नये. पाठाच्या वहीत एका बाजूला प्रश्न आणि समोर मुलींचं उत्तर आधीच लिहिलेलं असतं. शेवटच्या प्रश्नासमोर लिहायचं, 'मुली गप्प राहतील.' मुली गप्प राहिल्या की शिक्षिकेनं हसून म्हणायचं, चला, आज आपण हेच शिकणार आहोत. मग फळ्यावर धड्याचं नाव. हे चुकलं तर पाठ पायरीवरच अडखळला असं धरतात.

माझा धडा समुद्रातल्या दीपगृहाचा. मी प्रश्न काढले ते घाटावरचे. नदीत काय चालतं? नाव. समुद्रात? जहाज. अंधारात जहाजाला कशाची भीती? खडकाची. आणि मग शेवटचा, खडक कुठं आहे हे जहाजाला कोण सांगतं? इथं सगळ्यांनी गप्प राहायचं.

आधी दोन दिवस आम्ही तालीम केली. सगळेच करतात. पहिल्या दिवशी शेवटचा प्रश्न विचारला आणि ही उठून उभी. "लाइट हाउस, मैम!" सगळ्या हसल्या. मी समजावलं, ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. ती म्हणाली, "पण येतं मला."

"येतं ते माहीत आहे. उद्या मात्र नाही द्यायचं."

"येत असलेलं का विचारता मग?"

मी फळा पुसायला लागले. दुसऱ्या दिवशी तालमीत पुन्हा तेच. ह्या वेळी ती उठली नाही, पण तोंडातून निघून गेलं, आणि लगेच तिनं तोंडावर हात दाबला. "सॉरी मैम, निकल गया." वर्ग पुन्हा हसला. मी नाही हसले. पाठ दुसऱ्याच दिवशी होता. माझ्याबरोबर बी.एड. करणारी जौनपूरची मुलगी स्टाफरूममध्ये म्हणाली, "अरे, उसको कल छुट्टी दे दो ना. सब यही करते हैं. जो गड़बड़ करती है उसको घर बैठा दो, एक दिन की तो बात है."

शाळा सुटल्यावर मी तिला जिन्यात गाठलं.

"उद्या आली नाहीस तरी चालेल."

"का?"

"उद्या माझाच पाठ फक्त. बाकी काही शिकवणार नाहीत. आराम कर घरी."

"मला बघायचं होतं तुम्हाला. मोठे साहेब येणार ना?"

"परवा सांगेन सगळं."

ती "बरं" म्हणाली. "ऑल द बेस्ट, ताई." आणि उतरून गेली.

पाठ चांगला झाला. फार चांगला झाला. शेवटचा प्रश्न विचारून मी थांबले, मनात दहापर्यंत मोजलं, आणि अख्खा वर्ग मूठ आवळल्यासारखा गप्प. परीक्षकांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. त्या गप्प बसण्याचे मला मार्क मिळाले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. ताप आला असेल असं मी ठरवलं. हजेरी घेताना तिच्या नावापाशी मी मान खाली घालायची. पाहुणे आले असतील. आठवडा गेला, दुसरा निम्मा गेला. कुणाला विचारायची माझी हिंमत होईना, कारण विचारलं तर उत्तर मिळालं असतं. शेवटी तिच्या शेजारी बसणारीच म्हणाली, "मैम, उसका तो नाम कट गया. उसके पापा टी.सी. ले गए."

मी प्रिन्सिपॉलच्या, मोठ्या मॅडमच्या ऑफिसात गेले. त्या म्हणाल्या, वडिलांनी अर्ज दिला तर अजूनही घेऊ परत, मुलगी चांगली होती. तो 'होती' ऐकून मी तशीच निघाले. मैदागिनपर्यंत ऑटो, पुढे विचारत विचारत पायी. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं मागं जावं.

वडिलांनी फार अगत्यानं बसवलं. गाव विचारलं. सांगितलं तर म्हणाले, "अच्छा, तुमच्या बाजूचे बरेच यजमान आहेत आमच्याकडे. चहा घ्या." आतून पोळपाट-लाटण्याचा आवाज येत होता. कोण लाटतंय हे मला विचारावं लागलं नाही.

मी म्हटलं, काका, तिला शाळेत परत पाठवा.

"बाई, तुम्हीच तर येऊ नको म्हणालात."

"मी एका दिवसासाठी म्हटलं होतं."

"ती पण तेच सांगते." आवाज चढला नाही त्यांचा, तेच मला सहन होईना. "त्या दिवशी घरी दिसली, मी विचारलं, शाळा नाही का? म्हणाली, साहेब तपासायला येणार म्हणून मैमनी येऊ नको म्हटलं. आता तुम्हीच सांगा. कुणी मोठं माणूस येणार म्हणून माझ्या मुलीला लपवून ठेवतात, तर मी रोज कशाला पाठवू? मला वाटत होतं, हुशार आहे. ती सांगायची, आमच्या मराठी मैम म्हणतात. मी तिच्या आईशी भांडून हो म्हटलं होतं."

"हुशारच आहे हो! तिला उत्तर येत होतं म्हणून मी नको म्हटलं तिला."

मी पाठाची रीत सांगायला लागले. शेवटचा प्रश्न, गप्प राहणं, वहीत आधी लिहून ठेवलेलं. सांगता सांगता मलाच ऐकू येत होतं की हे किती खोटं वाटतंय.

"उत्तर येतं म्हणून शाळेतून घरी बसवतात?" ते म्हणाले. "असं कुठं असतं, बाई? तुम्ही तिचं मन राखायला सांगताय. पण आमच्यावर काही राग ठेवू नका. उलट वेळेवर कळलं. आणि तुम्ही पण घरी बसूनच शिकलात ना? ती सांगत होती."

आतलं लाटणं थांबलं. तिच्या आई कमरेवर हात ठेवून दारात आल्या. मी अर्जाचं पुन्हा सांगितलं, मोठ्या मॅडम घ्यायला तयार आहेत म्हणून. ते "बघू" म्हणाले. त्या 'बघू'चा अर्थ मला माझ्या घरापासून माहीत आहे.

मला गल्ली सापडणार नाही म्हणून त्यांनी तिलाच खाली पाठवलं. तिच्या मनगटापर्यंत पीठ होतं. गल्लीच्या वळणापर्यंत आम्ही एकामागे एक चाललो, शेजारी चालायला जागा नव्हती. ती पुढे. पाठमोरीच तिनं विचारलं, "पाठ चांगला झाला?"

"झाला."

"मुली गप्प बसल्या?"

"बसल्या."

"मी बसले नसते असं वाटलं ना तुम्हाला?"

मी रडायला लागले. भर गल्लीत, दूधवाल्याच्या सायकलीला वाट देत. तिला म्हटलं, हो, भीती वाटली. तू बोलशील आणि माझं सगळं जाईल असं वाटलं. म्हणून आराम कर म्हटलं, ते खोटं होतं.

ती वळली. तिला राग आलेला दिसावा असं मला फार वाटत होतं. तिनं पदर असल्यासारखं ओढणीचं टोक पुढे केलं माझे डोळे पुसायला, मग त्यालाही पीठ आहे हे बघून मागे घेतलं.

"मग सांगायचं ना, ताई," ती म्हणाली. "मी बसले असते की गप्प. तुमच्यासाठी."

वरून कुणीतरी तिला हाक मारली. ती "आले" म्हणून धावत गेली.

मी पास झाले. इथल्याच एका शाळेत सहावीला शिकवते आता. त्या घरी मी नंतर दोनदा जाऊन आले. एकदा नांदेडची माणसं उतरलेली होती, आणि ही मान वर न करता त्यांना वाढत होती. दुसऱ्यांदा तिच्या आईनं मला आत स्वयंपाकघरात बसवलं आणि हळूच विचारलं, घरून दहावी देतात ती कशी देतात? मी सगळं सांगितलं. फॉर्मवर वडिलांची सही लागते हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते ऐकत नाहीत अजून. तुम्ही येत जा मात्र."

मी जाते आहे, जाणार आहे. ते दरवेळी बघू म्हणाले तरी, चहा देऊन परत पाठवलं तरी. पुस्तकं घेऊन जाईन, अडलेलं ती विचारेल तेव्हा समोर बसलेली असेन, आणि तिनं कितीही विचारलं तरी तिला गप्प करणार नाही. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, कधीतरी एका सकाळी तिला परीक्षेच्या केंद्रावर मी घेऊन जाईन आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभी राहीन. तिला हे अजून सांगितलेलं नाही. माझ्या शब्दावर तिनं पुन्हा भरवसा ठेवावा असं म्हणायचं तोंड मला नाही, म्हणून इथं लिहून ठेवते आहे.